तपासणीच्या दिवशी

"कार्ड चालत नाही इथं."

काउंटरवरच्या बाईनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. दुपारचे दोन वाजले होते, ती डबा खात होती आणि मी नेमकी तिच्या जेवणात येऊन उभी राहिले होते.

"अहो, यादीत नाव आहे की तुमचं," मी म्हटलं आणि विमा ऑफिसातून आणलेला कागद तिच्यापुढं धरला. "हे बघा. तीन नंबरला."

"जुनी असेल यादी."

"गेल्या शुक्रवारी दिलीय. शिक्का आहे, तारीख आहे."

"मग ज्यांनी शिक्का मारला त्यांनाच विचारा." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "आमच्या डॉक्टरांनी दिवाळीपासून कार्ड घ्यायचं बंद केलंय."

"मग फिजिओथेरपीला माणसानं जायचं कुठं?"

"पेशंट कोण? तुम्ही?"

"माझी आई. खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन होऊन अठरा दिवस झाले."

आता कुठं तिनं माझ्याकडे बघितलं. तिला वाईट वाटलं असावं, पण तिला वाईट वाटून कार्ड थोडंच चालणार होतं! "मिरजेत बघा एखादा," ती म्हणाली.

मिरजेत सगळीकडे बघूनच मी सांगलीला आले होते. मी कागदाची घडी घातली आणि जिना उतरले. सांगलीच्या उन्हात स्टँडपर्यंत चालत गेले, कारण रिक्षावाल्याशी बोलायचंही त्राण नव्हतं.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी जयसिंगपूरजवळच्या एका सूतगिरणीत कामाला होते. पगारातून दर महिन्याला सरकारी विम्याचे पैसे कापून जायचे आणि त्याच्या बदल्यात माझ्याकडे एक कार्ड होतं. कार्डावर माझ्यानंतर आईचं नाव. वडील गेल्यावर आई माझ्याकडेच राहायला आली होती. मी एकुलती एक, ती दुसरीकडे जाणार तरी कुठं? माझे यजमान महावीर टेम्पो चालवतात. स्वभावानं गरीब माणूस. आईला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. पण आईच्या डोक्यातून ते काही जात नव्हतं. आपण लेकीच्या घरात, जावयाच्या अन्नावर आहोत, हे ती झोपेतही विसरत नसे. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची. जावई घरात असले की भिंतीला पाठ टेकून बसायची नाही. घरी कोणी आलं की माझ्या आधी तीच पाणी घेऊन पुढं. मी कितीदा म्हटलं असेल, "आई, बस की जरा." तर म्हणायची, "बसून खाल्लं तर लोक नावं ठेवतील, मला न्हाई, तुला."

अशी बाई त्या वर्षी बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, पायरीवरून घसरली आणि खुब्यात मोडली. मिरजेच्या दवाखान्यात कार्डावर ऑपरेशन झालं, तेही चांगलं झालं, खोटं कशाला बोलू. घरी सोडताना मोठ्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: रोज फिजिओथेरपी. आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "हाड आम्ही जोडलंय. चालवायचं काम आता फिजिओथेरपीवाल्यांचं. पहिले तीन महिने हातचे घालवू नका. नंतर पाय आखडला तर आजी कायमच्या अंथरुणावर."

कायमच्या अंथरुणावर. दोन दिवस कुणी पाण्याचा तांब्या हातात दिला तरी जिला अवघडल्यासारखं व्हायचं, ती आई उरलेला जन्म जावयाच्या घरात दुसऱ्याच्या हातानं कसा काढणार होती?

म्हणून मी दारं पुजत होते. यादीतला पहिला दवाखाना बंद पडलेला होता. दुसऱ्या पत्त्यावर गेले तर तिथं दातांचा दवाखाना. तो दातांचा डॉक्टर बिचारा भला, म्हणाला, "ताई, महिन्यातनं चार माणसं येतात अशी. मी ऑफिसला दोनदा कळवलंय." एका ठिकाणी कार्ड चालत होतं, पण पेशंटला रोज तिथं आणायचं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी विचारलं, "हाड मोडलेलं माणूस वर कसं आणायचं?" तर तिथला पोरगेलासा डॉक्टर म्हणाला, "खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं." रोज चौघं कुठून आणू मी? कार्डाशिवाय घरी येणारे हवे तेवढे होते, त्यांचे दर ऐकूनच मी फोन ठेवत होते. आणि जिथं जाईन तिथं तेच. कार्ड म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलायचा. एका दवाखान्यातून परत येताना बसमध्ये मला इतकं रडू आलं की शेजारच्या म्हातारीनं न विचारता हातात खडीसाखर ठेवली.

गिरणीत माझ्या शेजारच्या मशिनवर राजाक्का होती. वयानं मोठी, तोंडानं फटकळ, सगळ्या सरकारी कचेऱ्या पालथ्या घातलेली. तिला मी सगळं सांगितलं तर तिनं मलाच झापलं.

"तू कागद घेऊन जातीस आणि कायदा सांगतीस. असं कोण देतंय? रड की जरा! आई मरायला टेकली म्हण. सरकारी माणसाला दुखणं दाखवल्याशिवाय दिसत न्हाई."

"खोटं बोलू?"

"खोटं कुठलं? जरा मीठ घालून सांगायचं. बरं असलेल्या माणसाला कुणी काय दिलंय का आजवर?"

ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

आणि गंमत बघा, मी सांगली-मिरज पालथी घातली आणि फिजिओ सापडली ती जयसिंगपुरातच, आमच्या घरापासून तीन गल्ल्यांवर. आईच्या गोळ्या आणायला गेले होते, तर औषधवाला म्हणाला, "बाराव्या गल्लीत नवी मुलगी बसते की. कार्ड घेते म्हणून पाटी लावलीय."

मी पिशवी तशीच काउंटरवर ठेवून पळाले. पिठाच्या गिरणीशेजारी एक खोली, दाराला निळा पडदा, आणि पाटीवर हातानं लिहिलेलं: डॉ. तबस्सुम मुल्ला, फिजिओथेरपिस्ट. खाली बारीक अक्षरात: सरकारी विमा कार्ड स्वीकारले जाईल. मी ती ओळ दोनदा वाचली.

आत सत्तावीस-अठ्ठावीसची एक सडपातळ मुलगी एका शेतकऱ्याच्या खांद्याला शेक देत होती. तिला मी राजाक्काच्या सांगण्याप्रमाणं सगळं मीठ-मसाला लावून सांगितलं. आई हलत नाही, कुशीवर वळत नाही, रात्रंदिवस विव्हळते, आम्ही आशा सोडलीय. ऐकता ऐकता ती मुलगी थांबली आणि म्हणाली, "ताई, इतकं सांगायची गरज नाही. ऑपरेशनचा कागद दाखवा. माझं नाव यादीत चार दिवसांपूर्वीच लागलंय. तुम्ही कार्डावरच्या माझ्या पहिल्या पेशंट."

मला एवढं हलकं वाटलं की मी तिथंच स्टुलावर बसले.

घरी येऊन उपचार द्यायला बारा बैठका मंजूर झाल्या. एक दिवसाआड सकाळी मॅडम यायच्या. आई पहिल्या दिवशी त्यांच्याकडे बघून मला हळूच म्हणाली, "ही एवढीशी पोर मला उभी करणार?" पण मॅडमचे हात फार चांगले होते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायला लावायच्या, टाच गादीवरून सरकवायला लावायच्या, पाऊल वर-खाली. आई दात-ओठ खाऊन सगळं करायची. फक्त एक गोष्ट करायची नाही. मॅडम म्हणाल्या, "आजी, आता उभ्या राहू या," की आईचा चेहरा पांढरा व्हायचा. वॉकर पुढं असे, एका बाजूनं मॅडम, दुसऱ्या बाजूनं मी. कॉटच्या कडेपर्यंत यायची आणि अंग टाकून द्यायची.

"माझ्याच्यानं न्हाई व्हायचं, पोरी. मी पडणार."

"मी पडू देणार नाही, आजी."

"त्या दिवशी पायरीनंबी पडू देणार न्हाई असंच वाटलं होतं मला."

मॅडम हसायच्या, पण जाताना दारात मला सांगायच्या, "पाय तयार आहे, ताई. भीती तयार नाही. एकदा स्वतःहून उभ्या राहिल्या की पुढचं सोपं आहे. ते एकदा व्हायला हवं." मग अर्धा कप चहा घ्यायच्या, कारण न घेता गेलं तर आई मला दिवसभर ऐकवायची. "डॉक्टरीणबाई तशीच गेली, काय म्हणंल जावयाच्या घराला?"

बारा बैठका संपल्या आणि आई काही उभी राहिली नाही. आणखी चोवीस बैठकांसाठी मॅडमनी अर्ज केला. ऑफिसातून फोन आला की साहेब घरी येऊन पेशंट बघतील, मग मंजुरी. मी राजाक्काला विचारलं. ती म्हणाली, "बघ बाई, उठबस करताना दिसली तर मंजूर करत न्हाईत. घरात येऊन उपचार कशाला मग? माझ्या दिराचं असंच झालं. साहेबासमोर दोन पावलं चालून दाखवली शहाण्यानं, लगेच काट मारली."

झालं. त्या रात्री जेवताना मी आईला पढवलं.

"साहेब आले की झोपून राहायचं. चादर अंगावर घ्यायची. विचारलं तर दुखतंय म्हणायचं."

"दुखतंयच की."

"मग तेच म्हण. उठून बसायचा प्रयत्न करायचा नाही. हात जोडायलासुद्धा उठायचं नाही. कळलं?"

"परका माणूस घरात येणार आणि मी पाय पसरून पडू?"

"आई, एकदाच. या चोवीस बैठका मिळाल्या नाहीत तर मी कुठं जाऊ? आणखी दारं पुजायचं बळ नाही माझ्यात."

तिनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "बरं. पडते."

महावीर आईला आत्ती म्हणत. ते म्हणाले, "आत्तींना असं कशाला शिकवायचं? जे आहे ते बघतील साहेब." मी त्यांच्यावर डोळे वटारले. त्यांना कुठं माहीत होतं मी किती जिने चढले-उतरले ते?

तपासणीच्या दिवशी मी रजा काढली. दहा वाजता येतो म्हणालेले साहेब साडेतीनला आले. लाटकर नाव त्यांचं. पन्नाशीचे, घामाघूम, बगलेत फाइल. चेहऱ्यावरून वाटलं, त्या दिवसातलं आमचं सहावं-सातवं घर असणार. बोलायला मऊ होते. कॉटशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, आईला नमस्कार केला. आईनं पडल्या पडल्या हात जोडले आणि माझ्याकडे चोरून बघितलं, बरोबर ना म्हणून. मी मानेनं हो म्हटलं. माझा जीव जरा भांड्यात पडला.

कागद बघता बघता साहेब म्हणाले, "दवाखान्यातून सोडल्याच्या कागदाची झेरॉक्स नाही लावलेली."

"आत्ता आणते. पाचच मिनिटं," मी म्हटलं.

कोपऱ्यावरच्या दुकानात लाइट नव्हती. पुढच्या गल्लीतल्या दुकानात रांग. कॉलेजची मुलं पुस्तकंच्या पुस्तकं छापून घेत होती. मी आरडाओरडा करून मध्ये घुसले, झेरॉक्स घेतली आणि धावत परत आले. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील.

दारात आले आणि बघते तर कॉट रिकामी.

खुर्ची जाग्यावर नव्हती. साहेबही बाहेरच्या खोलीत नव्हते. स्वयंपाकघराच्या दारात ते पाठमोरे उभे होते, दोन्ही हात पुढं केलेले, पडणाऱ्या लेकराला झेलायला करावेत तसे. आणि आत आई! एक हात ओट्यावर रोवून, पाठीला खुर्ची लावून, माझी आई उभी होती. दुसऱ्या हातानं गाळणीतून चहा ओतत होती. ओट्यावर थोडा सांडला होता. कपाळावरचा घाम नाकावर आला होता.

"आजी, नको नको म्हणतोय तरी ऐकेनात," साहेब मला म्हणाले. "खुर्ची सरकवत सरकवत आल्या. मी मागं मागं आलो."

"उन्हातनं आलाय माणूस," आई म्हणाली. तिनं कप पुढं केला. "घ्या साहेब. साखर कमी वाटली तर सांगा. जावई घरात न्हाईत, न्हाईतर त्यांनीच दिला असता."

साहेबांनी तिला आधार देऊन खुर्चीत बसवलं. मग उभ्या उभ्याच चहा प्यायले, चांगला झालाय म्हणाले. माझ्या हातातून झेरॉक्स घेतली, फाइलमध्ये लावली, तिथंच टेकून दोन-तीन ओळी लिहिल्या. मी लांबून वाचायचा प्रयत्न केला, पण अक्षर बारीक होतं. एवढंच दिसलं, पहिल्या ओळीत "उभी राहते" असं लिहिलं होतं. संपलं, काट मारली, असंच मला वाटलं.

"कळवू आम्ही," ते म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

मी दार लावलं. मागं वळले तर आई खुर्चीत बसून हसत होती. इतके दिवस तिच्या चेहऱ्यावर असलं काही दिसलं नव्हतं.

"बघितलंस वैजू? राहिले की न्हाई उभी? तुझी मॅडम म्हणत हुती ते खरं. एकदा पाऊल टाकलं की..."

"कुणी सांगितलं होतं उठायला?"

माझा आवाज मलाच परका वाटला.

"आगं, माणूस बसला होता नुसता. पाणीसुद्धा..."

"महिनाभर मी कुत्र्यासारखी दारोदार फिरले! बायकांनी तोंडावर हाकलून लावलं मला! कशासाठी? आणि तू एका कप चहासाठी सगळं घालवलंस! आता कोण येणार तुला चालवायला? गेल्या सगळ्या बैठका! एवढी हौस होती उठायची तर मॅडमसमोर का नाही उठलीस? राहा आता तशीच! जन्मभर पडून राहा!"

सगळं एका दमात बोलले. इतक्या दिवसांचं साठलेलं, त्या डबा खाणाऱ्या बाईचं, त्या तिसऱ्या मजल्याचं, सगळं माझ्या आईच्या अंगावर ओतलं. आईचं हसू कुठल्या कुठं गेलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला कॉटवर न्हे. चुकलं माझं."

मी तिला धरून नेलं. तिनं पाय गादीवर घेतले आणि स्वतःच चादर छातीपर्यंत ओढली.

संध्याकाळी मॅडम दवाखाना बंद करून घरी जाता जाता डोकावल्या. बैठक नव्हती, नुसतं विचारायला आल्या होत्या. मी रडत रडत सगळं सांगितलं. मला वाटलं, त्याही डोक्याला हात लावतील. तर त्यांचे डोळे चमकले.

"उभ्या राहिल्या? एकट्या? किती वेळ?"

"चहा होईपर्यंत."

"म्हणजे सात-आठ मिनिटं! आणि कॉटपासून ओट्यापर्यंत नऊ-दहा पावलं तरी आहेत!" त्या धावतच आईपाशी गेल्या आणि तिचा हात दोन्ही हातांत धरला. "आजी! काय केलंत हे! मला दाखवा ना. एकदाच. मी आहे बाजूला."

आईनं माझ्याकडे बघितलं, मग मान हलवली. "नगं मॅडम. दुखतंय."

मॅडमनी खूप समजावलं. आईचं एकच, दुखतंय. मॅडम आईचा हात सोडून उठल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की मला तसं वाटलं, देव जाणे.

पुढचे तीन आठवडे आई कॉटवरून उतरली नाही. मी व्यायाम करून घ्यायची, टॉवेल दाबायला लावायची, टाच सरकवायला लावायची. उभी राहा म्हटलं की डोळे मिटायची. शेजारच्या बायका बघायला आल्या की चादर वर घ्यायची. मी तेव्हा ते समजून घेतलं नाही. मला वाटलं, रुसलीय, जाईल राग.

मग पत्र आलं. पोस्टमन दारात आला तेव्हा मी धुणं वाळत घालत होते. ओल्या हातांनीच फोडलं. तीनदा वाचलं, तरी विश्वास बसेना. पत्राला लाटकर साहेबांचा शेरा जोडलेला होता. आता अक्षर जवळून नीट वाचता आलं. पेशंट घरात आधाराने उभी राहते व काही पावले चालते. बाहेर जाण्यास असमर्थ. इच्छाशक्ती उत्तम, पूर्ण बरी होण्याची शक्यता दिसते. पुढील चोवीस बैठका घरी मंजूर कराव्यात, ही शिफारस.

मंजूर! ती उठली म्हणूनच मंजूर झालं होतं. पडून राहिली असती, मी पढवल्याप्रमाणं विव्हळली असती, तर त्या माणसानं काय लिहिलं असतं कुणास ठाऊक. कदाचित उपयोग नाही असंच लिहिलं असतं.

मी कॉटवर आईजवळ जाऊन बसले आणि तिला पत्र वाचून दाखवलं. "इच्छाशक्ती उत्तम" याचा अर्थ तिनं विचारला, मी सांगितला. तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं.

"म्हणजे मी उठले ते बरं झालं?"

"व्हय आई. लई बरं झालं."

"त्या साहेबाला कळलं?"

"कळलं."

"मग तू का वरडलीस गं?"

रागानं नाही विचारलं तिनं. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं. मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. "चुकले आई. मला वाटलं होतं बरं असणं दाखवलं की काढून घेतात." ती माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "असू दे. दमली होतीस तू."

सोमवारपासून मॅडम परत यायला लागल्या. मधल्या आठवड्यांत पाय आखडला होता, तो सुटायला पहिल्या दहा बैठका गेल्या. पण आई उभी राहिली. वॉकर घेऊन दारापर्यंत, मग बाथरूमपर्यंत, पुढं अंगणापर्यंत जायला लागली. शेवटच्या बैठकीला मॅडमनी टाळ्या वाजवल्या, महावीरनी पेढे आणले. लोक म्हणायचे, वैजूनं आईला पायावर उभी केली.

पण मला ठाऊक आहे. त्यानंतर आई पाच वर्षं जगली. त्या पाच वर्षांत कॉटवरून पाय खाली टाकण्याआधी ती दर वेळी माझ्या तोंडाकडे बघायची. उठू का, असं विचारल्यासारखं. मी म्हणायची, "ऊठ की आई, कुणाला विचारायचंय?" ती हसायची, उठायची. पुढच्या वेळी परत तेच. मी गिरणीतून घरी आले की महावीर सांगायचे, आत्ती दुपारभर उठल्याच नाहीत, तू येईपर्यंत तशाच बसून होत्या.